विळ्यावर तांबे का चढते?



दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक जुना, साधा प्रयोग आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवायचा, काही वेळाने बाहेर काढायचा आणि खिळ्यावर चढलेला तांबूस थर व फिकट पडलेले द्रावण पाहायचे. दरवर्षी आम्ही हा प्रयोग करून दाखवतो. मुले समीकरण वहीत उतरवून घेतात, खाली रेघ मारतात आणि पान उलटते. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे तर आमच्या बगीच्यात बाबा विळ्यानं पाहतात. विळा लाल झाला की चुना आणखी टाकतात."

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण त्याच हंगामात दुसऱ्या एका पालकांच्या बगीच्यातली कोवळी नवती फवारणीनंतर करपली होती. चौकशी केल्यावर कळले की चुना जुना, हवेत पडून निकामी झालेला होता आणि विळा बुडवून पाहायचे राहून गेले होते. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत शिकलेला. खिळ्याच्या प्रयोगाचे समीकरण त्याला तोंडपाठ होते आणि त्या प्रश्नाला पूर्ण गुणही मिळाले होते. मुलाला समीकरण येत होते, वडिलांना फवारणी येत होती, पण दोघांची गाठ पडली नव्हती.

ती गाठ पडावी म्हणून हा लेख. विषयाचे नाव जरा भारदस्त आहे : विद्युत रसायनशास्त्र. पण बोरगाव, सौसर आणि पांढुर्णा या आपल्या परिसरात हे शास्त्र बगीच्यात आहे, जमिनीखालच्या खडकात आहे आणि रात्री मोटार सुरू करायला जाताना हातात असलेल्या टॉर्चमध्येही आहे.

मोरचूद, चुना आणि रस्त्याकडेची द्राक्षे

आपल्याकडे संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागतो. बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे खोडाची साल कुजते, त्यातून डिंक गळतो आणि दुर्लक्ष झाले तर उभे झाड जाते. त्यावर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खोडाला बोर्डो मलम लावतात. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. फवारणीसाठी एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण करतात, त्यात तेवढ्याच मोरचूद-चुन्याला १०० लिटर पाणी असते.

या मिश्रणाची जन्मकथा मुलांना नक्की आवडेल. फ्रान्समधील बोर्डो भागात रस्त्याने जाणारे-येणारे द्राक्षे तोडून खात, म्हणून शेतकरी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण शिंपडत. निळसर डागांची द्राक्षे कोणी तोंडात घालत नसे. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या १८८२ साली लक्षात आले की इतर वेलींवर केवडा रोग पसरला असताना रस्त्याकडेच्या या वेली मात्र निरोगी आहेत. अभ्यास करून त्यांनी १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेली युक्ती रोगावरचे औषध ठरली!

आता विळ्याकडे वळू. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते पाण्यात विरघळले की तांब्याचे आयन मोकळे होतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण. तांब्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, म्हणून त्याच्या आयनावर दोन धन भार असतात. या द्रावणात लोखंड आले की लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला देतो. इलेक्ट्रॉन मिळालेले तांबे पुन्हा धातू होऊन विळ्यावर बसते आणि इलेक्ट्रॉन दिलेले लोखंड आयन होऊन पाण्यात उतरते. तांब्याची द्रावणातली जागा लोखंडाने घेतली, म्हणून या क्रियेला विस्थापन अभिक्रिया म्हणतात.

इलेक्ट्रॉन देण्याला मराठीत ऑक्सिडीकरण आणि घेण्याला क्षपण म्हणतात. आपल्या मुलांच्या हिंदी पुस्तकांत हेच शब्द उपचयन आणि अपचयन असे येतात. नावे निराळी, व्यवहार एकच. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, म्हणून या दोन क्रिया नेहमी जोडीनेच होतात.

मग चुना काय करतो? चांगला चुना पुरेसा असेल तर तांब्याचे बहुतेक आयन न विरघळणाऱ्या निळ्या संयुगात अडकतात. ते संयुग पानावर चिकटून राहते आणि थोडे थोडे तांबे सोडत बुरशीला आवर घालते. चुना कमी पडला किंवा निकामी असला तर तांब्याचे मोकळे आयन उरतात. तेच कोवळी पाने आणि लहान फळे भाजतात, आणि तेच विळ्यावर लाल थर होऊन दिसतात. म्हणजे शेतकऱ्याचा विळा ही खरोखरीची रासायनिक चाचणी आहे. घासून स्वच्छ केलेले पाते थोडा वेळ मिश्रणात धरावे. पाते लाल झाले तर चुन्याची निवळी आणखी घालून ढवळावे आणि पाते पुन्हा घासून पाहावे. थर येईनासा झाला की मिश्रण फवारणीला योग्य.

धातूंची उतरंड

लोखंडाने तांब्याला बाहेर काढले. तांबे लोखंडाला बाहेर काढील का? हिराकशीच्या म्हणजे फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार दिवसभर ठेवा, काहीही होणार नाही. व्यवहार एकाच दिशेने चालतो. याचे कारण असे की इलेक्ट्रॉन देण्याची तयारी प्रत्येक धातूत सारखी नसते.

आजीच्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असे; खाली मोठे मडके, वर लहान, त्याहून वर आणखी लहान. धातूंचीही अशी उतरंड लावता येते आणि तीही आकड्यांनी. त्या आकड्याला प्रमाण इलेक्ट्रोड विभव म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या उपयोगाचे काही आकडे असे :

मॅग्नेशियम : उणे २.३७
ॲल्युमिनियम : उणे १.६६
मँगनीज : उणे १.१८
जस्त : उणे ०.७६
लोखंड : उणे ०.४४
कथील : उणे ०.१४
शिसे : उणे ०.१३
हायड्रोजन : ०
तांबे : अधिक ०.३४
चांदी : अधिक ०.८०
सोने : अधिक १.५०

यादीत जो वर आहे तो इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक, आणि जो खाली आहे त्याचा आयन इलेक्ट्रॉन घ्यायला उत्सुक. वरचा धातू खालच्या धातूला त्याच्या द्रावणातून बाहेर काढतो. म्हणून जस्त लोखंडाला काढते, लोखंड तांब्याला काढते आणि तांबे चांदीला काढते. सोने सर्वांत खाली आहे. ते सहसा इलेक्ट्रॉन सोडत नाही, म्हणून गंजत नाही आणि पिढ्यानपिढ्या झळाळत राहते.

हायड्रोजनसमोर शून्य का? कारण एकट्या इलेक्ट्रोडचा विभव मोजताच येत नाही, दोघांमधला फरक तेवढा मोजता येतो. सातपुड्यातला धूपगड १३५० मीटर उंच आहे असे आपण म्हणतो, ते समुद्रसपाटीला शून्य धरून. तसेच रसायनशास्त्रज्ञांनी हायड्रोजनला शून्य धरले आणि बाकी सर्वांची उंची-खोली त्याच्या तुलनेने मोजली.

फरक काढणे सोपे आहे. लोखंड आणि तांबे यांमध्ये ०.३४ मधून उणे ०.४४ वजा केले की ०.७८ व्होल्ट येतात. जस्त आणि तांबे यांमध्ये १.१० व्होल्ट. फरक जितका मोठा तितकी क्रियेची ओढ जास्त. यातून बगीच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये हे बहुतेकांना माहीत असते. पण "ही बादली गंजत नाही" म्हणून पुष्कळ जण जस्ताच्या पांढऱ्या बादलीत मोरचूद भिजवतात. ते तर लोखंडाहूनही वाईट, कारण जस्त उतरंडीत लोखंडाच्याही वर आहे. मोरचुदातले तांबे बादलीच्या आतून बसेल, बादलीचे जस्त द्रावणात जाईल, औषध हलके होईल आणि बादलीला भोके पडतील. यासाठी प्लास्टिकचा ड्रम किंवा मातीचे भांडे हेच बरे.

इथे एक चाणाक्ष विद्यार्थी विचारील : ॲल्युमिनियम तर जस्ताच्याही वर आहे, मग आईचे पातेले पाण्यात विरघळत कसे नाही? प्रश्न रास्त आहे. ॲल्युमिनियमचा हवेशी संबंध येताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो आणि आतला धातू झाकला जातो. विभव आपल्याला कोण देईल आणि कोण घेईल हे सांगतो. ते किती लवकर घडेल हे तो सांगत नाही. तसेच हे आकडे २५ अंश सेल्सिअस तापमानाचे आणि ठरावीक तीव्रतेच्या द्रावणाचे आहेत. द्रावणातले आयन कमी झाले की विभवही बदलतो. चुना घातल्यावर विळा लाल का होत नाही, याचे उत्तर इथेच आहे. तांबे उतरंडीत आपल्या जागीच आहे, पण त्याचे मोकळे आयन जवळजवळ संपलेले आहेत.

संत्र्यात वीज असते का?

विळ्यावर इलेक्ट्रॉनची देवघेव जागच्या जागी होते, म्हणून ती आपल्याला वापरता येत नाही. पण देणारा एकीकडे आणि घेणारा दुसरीकडे ठेवला, मध्ये तार जोडली, तर इलेक्ट्रॉनना तारेतून जावे लागेल. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच विद्युतप्रवाह. इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून असा पहिला संच रचला. १८३६ साली लंडनच्या डॅनियल यांनी जस्त जस्ताच्या द्रावणात आणि तांबे मोरचुदाच्या द्रावणात ठेवून अधिक स्थिर सेल केला. त्याचा दाब सुमारे १.१ व्होल्ट, म्हणजे आपण वर वजाबाकीने काढला तोच आकडा.

आपल्या शाळेत यासाठी संत्रे आहेच. एका संत्र्यात जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची जाड तार, एकमेकांना न शिवता खोचा. मल्टिमीटर लावला की सुमारे ०.९ व्होल्ट दिसतो. १.१० का नाही? कारण संत्र्याच्या रसात तांब्याचे आयन नाहीत. तांब्याच्या तारेवर इलेक्ट्रॉन घेतो तो आंबट रसातला हायड्रोजन आयन. तीन-चार संत्री एकापुढे एक जोडली तर अंधाऱ्या खोलीत लहान लाल एलईडी मंद उजळतो. टॉर्चचा जुना बल्ब मात्र लागत नाही, कारण संत्र्याचा अंतर्गत रोध फार मोठा असल्याने प्रवाह अगदी थोडा मिळतो.

हा प्रयोग पाहून पुष्कळ मुले लिहितात, "संत्र्यात वीज असते." मित्रहो, हे चूक आहे. वीज संत्र्यात नाही. ऊर्जा येते ती जस्ताच्या झिजण्यातून, आणि संत्रे केवळ आयनांना ये-जा करायला वाट देते. आठवडाभर ठेवून खिळा काढून पाहा, झीज डोळ्यांना दिसेल. आणि एक सूचना : प्रयोगात वापरलेले संत्रे कोणीही खायचे नाही, त्यात जस्त उतरलेले असते.

उलटी गंगा

आतापर्यंतच्या सर्व क्रिया आपखुशीने होत होत्या. पण बाहेरून वीज दिली तर हीच गंगा उलटी वाहवता येते. जो इलेक्ट्रॉन द्यायला तयार नाही त्याच्याकडून ते काढून घेता येतात आणि जो घ्यायला तयार नाही त्याला ते घ्यायला लावता येतात. याला विद्युत अपघटन म्हणतात. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून पोटॅशियम आणि सोडियम हे धातू प्रथमच वेगळे केले. ते उतरंडीत इतके वर आहेत की दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तोवर हाती लागले नव्हते.

याचे आपल्या घराशेजारचे उदाहरण म्हणजे मँगनीज. आपल्या तहसिलीचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे, कारण छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा सुमारे २०० किलोमीटर पसरलेला मँगनीजयुक्त खडकांचा पट्टा 'सौसर समूह' म्हणून ओळखला जातो. काचीढाणा, गोवारी वढोणा, सीतापार ही आपल्या भागातल्या खाणींची नावे फर्मर या भूवैज्ञानिकांच्या १९०९ सालच्या भारतीय मँगनीजवरील मोठ्या ग्रंथात आहेत. सीतापारच्या एका खनिजाला त्यांनी 'सीतापाराइट' असे नावही दिले होते. पुढे ते बिक्सबाइट हेच खनिज असल्याचे ठरले. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि नागपूर तिकडे, आपण इकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. खडकांचा पट्टा मात्र कोणतीही सीमा न मानता जमिनीखालून तसाच गेला आहे.

या पट्ट्यात भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मॉईल या सरकारी कंपनीची खाण आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. तेथे 'इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड', थोडक्यात ईएमडी, तयार होते. पद्धत अशी : दगड दळून कोळशासारख्या पदार्थाबरोबर तापवतात, म्हणजे त्यातले मँगनीज आम्लात विरघळण्याजोगे होते. मग ते गंधकाम्लात विरघळवून मँगनीज सल्फेटचे द्रावण करतात. त्यातले लोह आणि इतर धातू काढून टाकतात. शेवटी ९० अंशांच्या वर तापवलेल्या त्या द्रावणात दोन इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडतात.

इथे थोडे थांबून विचार करा. मँगनीजचा आयन धनभारित आहे, मग तो ऋण टोकाकडे जाऊन तिथे धातू म्हणून का बसत नाही? उतरंड पाहा : मँगनीज उणे १.१८, हायड्रोजन शून्य. ऋण टोकाशी इलेक्ट्रॉन घ्यायला आम्लातला हायड्रोजन कितीतरी अधिक उत्सुक आहे, म्हणून तिथे हायड्रोजन वायूचे बुडबुडे येतात. धन टोकाशी मात्र मँगनीजचा आयन आणखी दोन इलेक्ट्रॉन गमावतो, पाण्यातला ऑक्सिजन घेतो आणि मँगनीज डायऑक्साइड होऊन काळ्या थराने बसतो. तो थर खरवडून, दळून, धुऊन, वाळवतात. म्हणजे दगडातून मँगनीज डायऑक्साइड घेऊन पुन्हा मँगनीज डायऑक्साइडच केला! मग एवढा खटाटोप कशाला? कारण नव्याने जमलेला हा पदार्थ खूपच शुद्ध असतो आणि त्याच्या कणांची रचनाही सेलमधल्या क्रियेला सोयीची असते.

किती वीज लागते? मायकेल फॅरेडे यांनी १८३३-३४ साली दाखवून दिले की जमणाऱ्या पदार्थाचे वजन वाहिलेल्या विजेच्या प्रमाणात असते. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे सुमारे ९६,५०० कूलोम. मँगनीज डायऑक्साइडच्या ८७ ग्रॅमसाठी दोन मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे १,९३,००० कूलोम लागतात. यावरून १ अँपिअर प्रवाह १ तास दिला तर जेमतेम १.६ ग्रॅम जमेल. १ किलोसाठी १०० अँपिअर प्रवाह सहा तासांहून थोडा जास्त द्यावा लागेल, तोही काही वाया गेले नाही असे धरून. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

नावांचा एक घोळ इथेच मिटवू. महाराष्ट्राच्या पुस्तकांत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनात ही नावे चपखल बसतात. पण सेलमध्ये ॲनोड हे ऋण टोक असते, आणि मुले गोंधळतात. म्हणून चिन्ह पाठ करण्याऐवजी काम लक्षात ठेवा : जिथे ऑक्सिडीकरण होते तो ॲनोड, जिथे क्षपण होते तो कॅथोड. हा नियम दोन्हीकडे लागू पडतो.

टॉर्चच्या सेलमध्ये पुन्हा तोच विळा

ईएमडी मुख्यतः जाते ते सेलच्या कारखान्यांत. टॉर्चच्या नेहमीच्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते, मध्ये कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बनची काळी भुकटी. जस्त इलेक्ट्रॉन देते, मँगनीज डायऑक्साइड घेतो आणि आपल्याला सुमारे १.५ व्होल्ट मिळतात. फ्रान्सच्या लक्लांशे यांनी १८६६ साली केलेल्या सेलचेच हे सुधारलेले रूप आहे.

आता कारखान्यात द्रावणातून तांबे, निकेल, लोह कसोशीने का काढतात ते पाहा. समजा काळ्या भुकटीत तांब्याचा अंश राहिला. तो ओलाव्यात विरघळून जस्तापर्यंत पोहोचेल, आणि जस्त त्याला बाहेर काढील, जसे विळ्याने मोरचुदातले तांबे काढले तसे. जस्तावर तांब्याचा एक बारीक ठिपका बसेल. जस्त, तांबे आणि मधे ओलावा : हा तर तिथल्या तिथे एक चिमुकला सेल झाला! टॉर्च बंद असतानाही तो चालू राहील, जस्त खाईल, वायू सोडेल आणि सेल फुगेल किंवा गळेल. म्हणजे बगीच्यात जी क्रिया आपल्याला इशारा देते, तीच कारखान्यात टाळण्यासाठी एवढी धडपड.

बादली आणि डबा

घरातले एक शेवटचे उदाहरण. जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी बादली खरवडली तरी तिथे लवकर गंज चढत नाही. तेलाचा पत्र्याचा डबा मात्र खरवडल्या जागी झपाट्याने गंजतो. दोघांतही आत लोखंडच आहे. फरक मुलाम्याचा : बादलीवर जस्त, डब्यावर कथील. उतरंड पाहा. जस्त लोखंडाच्या वर आहे, म्हणून ते आधी स्वतः झिजते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला वाचवते. कथील लोखंडाच्या खाली आहे, म्हणून मुलामा फुटला की लोखंडच आधी झिजते. जस्ताचा हा मोठेपणा मोरचुदापुढे मात्र त्याच्याच मुळावर येतो, हे आपण वर पाहिलेच.

घरी आणि शाळेत

विद्यार्थी मित्रहो, ही उतरंड पाठ करण्याआधी वापरून पाहा. पाण्यात चिमूटभर मोरचूद घालून त्यात खिळा, तांब्याची तार आणि जस्ताचा तुकडा आळीपाळीने बुडवा. काय होईल ते आधी वहीत लिहा, मग पाहा. अंदाज चुकला तर तोही खोडू नका. हा प्रयोग शाळेत, शिक्षकांसमोरच करायचा. मोरचूद विषारी आहे, काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. जुने सेल फोडायचे नाहीत. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होत असताना विद्युत अपघटनाने हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. म्हणून तिथे विडी-काडी नको, हे घरी वडीलधाऱ्यांनाही सांगा.

पालकांना आमची विनंती आहे की बोर्डो मिश्रण कराल त्या दिवशी मुलाला थोडे दूर उभे करून विळ्याची परीक्षा दाखवा आणि त्यालाच विचारा, "हे लाल कशानं झालं?" औषधाला हात लावू देऊ नका, प्रश्न मात्र विचारू द्या. औद्योगिक क्षेत्रात कामाला जाणाऱ्या पालकांना मुलाम्याचे किंवा गंजरोधाचे काम माहीत असेल, तर त्यांनी एखाद्या शनिवारी वर्गावर येऊन ते सांगावे.

विश्वस्त मंडळींना एवढेच सांगणे आहे की या विषयाला महाग प्रयोगशाळा लागत नाही. चार-पाच मल्टिमीटर, थोडी तार, खिळे आणि पाच किलो संत्री एवढ्यात एका वर्गाचे काम भागते, आणि संत्री द्यायला आपल्याकडे कोणी नाही म्हणणार नाही.

ज्या मुलाने विळ्याची गोष्ट सांगितली, त्याला त्या दिवशी आम्ही फळ्यासमोर उभे केले आणि उरलेला तास त्यानेच घेतला. चुना किती, पाणी किती, विळा किती वेळ धरायचा, हे सारे त्याला येत होते. समीकरण तेवढे आम्ही लिहिले. ज्यांची नवती करपली त्या पालकांनी पुढच्या हंगामात ताजा कळीचा चुना आणला. मिश्रण तयार झाल्यावर त्यांनी पाते घासून मुलाच्या हाती दिले, आणि त्याने ते ड्रममध्ये धरून पाहिले. पहिल्या वेळी पाते किंचित लाल झाले. निवळी आणखी घातली. दुसऱ्या वेळी पाते जसेच्या तसे निघाले. मगच पंप भरला.